पाणकराची यादी

मी गर्विष्ठ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. माझा गर्व दोन गोष्टींचा आहे. एक माझ्या बापाचा, आणि दुसरा एका कागदाचा. तो मी साकोलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून तयार केला होता. आज तसलं काम कुणी करत नाही आणि ज्या भाषेत मी ते केलं ती भाषाही ब्राउझरांनी कधीच टाकून दिली. पण कागद अजून माझ्याकडे आहे.

माझे बाबा गावच्या तलावाचे पाणकर होते. तलावाचं गेट उघडायचं, पाटानं पाणी सोडायचं, कुणाच्या बांधीत आधी आणि कुणाच्या मागून ते ठरवायचं, हे पाणकराचं काम. धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या भोवतीच्या मातीच्या वरंब्याला धुरा. दुसऱ्याचा धुरा फोडला की भांडण ठरलेलं. सख्खे भाऊ त्यावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत. अशा गावात आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला एक माणूस चौदा वर्षं गेटची चावी कमरेला लावून फिरत होता आणि त्याच्या शब्दावर पाणी चालत होतं. बाबांना सही येत होती, वाचता येत नव्हतं. साठ-सत्तर बांध्या त्यांच्या डोक्यात होत्या.

त्यांची रीत अशी. सकाळी धुऱ्या-धुऱ्यानं फिरायचे. प्रत्येक बांधीत वाकून धानाची एक काडी उपटायचे, अंगठ्याच्या नखानं उभी चिरायचे आणि आत पाहायचे. आत इवलंसं पांढरं कणीस दिसलं की धान गर्भात आला. पाऊस कमी असला की पहिलं पाणी गर्भातल्या धानाला, मग निसवलेल्याला, म्हणजे ज्याचं कणीस बाहेर पडलंय त्याला, आणि जो अजून फुटव्यात आहे, म्हणजे ज्याला नुसते कोंब फुटताहेत, त्यानं थांबायचं. बांधी कुणाची, तलावाच्या जवळ की लांब, हे विचारायचंच नाही. "गर्भारशीले पह्यले वाढतेत, तिचं आडनाव नाही पाहत," असं बाबा म्हणायचे.

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, त्या साली पोळ्यानंतर पाऊस जो दडून बसला तो आलाच नाही. तलाव अर्धा. आणि गावात बोलणं सुरू झालं की पाणकर पाणी आपल्या लोकांकडे वळवते, आपल्या बांधीत सगळ्यांच्या आधी घेते. बोलणाऱ्यांत सर्वांत पुढे होते ते मोठे दादाजी; सगळं गाव त्यांना असंच म्हणायचं. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच त्यांच्या बारा बांध्या. त्यांच्या समोरून पाटाचं पाणी वाहत खाली जायचं आणि त्यांच्या बऱ्याच बांध्या कोरड्या राहायच्या. आता समोरून पाणी जाताना पाहून कुणाचंही डोकं फिरेल, हे मला आज कळतं. तेव्हा मला त्यांचा असा राग आला होता की काय सांगू!

तलावाच्या समितीनं ठरवलं की पाणकरानं सगळी यादी कागदावर लिहून दाखवावी. रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वाचली जाईल. पटली तर ठीक, नाही तर चावी दुसऱ्याकडे. बाबा घरी आले, खाटेवर बसले आणि कमरेची चावी काढून समोर ठेवली.

"घेऊन जाऊ द्या," म्हणाले. "मले लिवता येत नाही. इतकी वर्षं तोंडानं सांगतलं, तवा कोनाले कागद पाह्यजे नोता."

"चावी उचला बाबा," मी म्हटलं. "कागद मी देतो त्यायले. असा देतो का पाहतच राह्यतीन."

माझी आई चुलीजवळून म्हणाली, "हे पोरगी भांडन करूनच येते पाय." पण तिच्या आवाजात नकार नव्हता.

मी तेव्हा साकोलीला हायवेलगतच्या एका क्लासमध्ये शिकवायला होते. चार कॉम्प्युटर, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, त्यात गोंदिया अजून आमच्यातच. क्लासचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, मोकळ्या वेळात मला एक मशीन वापरू द्यायचे. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी एक ब्राउझर टाकून घेतला होता. त्याची गंमत अशी की त्याच्यात आपल्या मनानं टॅग, म्हणजे माहितीला लावायची नावं, बनवता यायचे आणि ते पडद्यावर कसे दिसावेत हे एका वेगळ्या भाषेत लिहून त्यांना बांधून टाकता यायचं. बाइंडिंगची भाषा म्हणत तिला. आख्ख्या साकोलीत ती मला एकटीलाच येत होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कामाची कुणालाच नव्हती, तो भाग निराळा.

त्या भाषेत आपण एक चौकट आखतो आणि चौकटीत रिकाम्या जागा सोडतो. बाहेरच्या टॅगच्या पोटात जी माहिती असते तिला चाइल्ड म्हणतात. मी तिला लेकरंच म्हणायची. प्रत्येक जागा सांगते की मला अमकं लेकरू पाहिजे आणि ते लेकरू आपोआप तिथं जाऊन बसतं. मला तीन जागा हव्या होत्या: गर्भातले, निसवलेले, फुटव्यातले. प्रत्येक बांधी म्हणजे एक लेकरू आणि तिच्या अंगावर धानाची अवस्था ॲट्रिब्यूट म्हणून लिहिलेली. अवस्था बदलली की बांधीनं स्वतः उठून वरच्या जागेत जायचं. बाबांच्या डोक्यात जे चालायचं, तेच पडद्यावर.

सर म्हणाले, "अवं बाई, एक्सेलमधी टाक अन् सॉर्ट मार. दहा मिनिटाचं काम!"

खरं सांगते, झालं असतं. पण मला माझ्याच रीतीनं करायचं होतं. बापाची अब्रू दहा मिनिटांत वाचवायची म्हणजे काय!

दोन दिवस पहाटे मी वही घेऊन बाबांबरोबर धुऱ्यावरून फिरले. ते काडी चिरायचे आणि सांगायचे, "गर्भ लिव." "निसवला." "हा भारी धान व्हय, फुटव्यात हाये अजून." भारी म्हणजे उशिरा पिकणारा, हलका म्हणजे लवकर येणारा. वाटेत आमची बांधी आली. पाटाच्या अगदी शेवटाला, एकच. मी तिचं नाव वहीत लिहून थांबले. बाबा न वाकता पुढे गेले.

"आपली?" मी विचारलं.

"चाल पुढं, ऊन होऊन राह्यलं."

मला वाटलं, घरचीच आहे, मग विचारून घेऊ. आणि विसरले.

क्लासमध्ये बसल्यावर पहिलाच दणका बसला. त्या ब्राउझरातली रिकामी जागा लेकराचा फक्त टॅग विचारायची. त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते ती पाहायचीच नाही. सगळ्या बांध्यांचा टॅग एकच, त्यामुळे सगळ्या एकाच जागेत जाऊन कोंबल्या जात. ॲट्रिब्यूट पाहून निवड, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच त्या भाषेला येत नव्हतं. नुसतं नाव विचारून माणसाला कुठं बसवायचं ते ठरवायचं, ही रीत आमच्या मोहल्ल्याला काही नवीन नव्हती. पण ती मशीनमध्येही भेटेल असं वाटलं नव्हतं! मी टेबलावर अशी थाप मारली की टायपिंगला बसलेली पोरं दचकली.

"कॉम्प्युटर फुटन नं बाई," सर म्हणाले.

"फुटू द्या," मी म्हटलं.

मग मी एक वळसा काढला. छोटा प्रोग्राम लिहिला. चौकट बांधली जाण्याआधी त्यानं एकेका बांधीपाशी जायचं, तिची अवस्था वाचायची आणि तोच तिचा टॅग करून टाकायचा. गर्भातल्या बांधीचा टॅग 'गर्भ', निसवलेलीचा 'निसवा'. म्हणजे रिकाम्या जागेनं नाव विचारलं तरी उत्तरात अवस्थाच मिळणार. पाच बांध्या घालून पाहिलं. टक्कन् बसल्या आपापल्या जागी. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग सगळ्या बांध्या घातल्या आणि चौकटच गायब झाली. मथळे नाहीत, रेघा नाहीत, तीन जागा नाहीत. नुसती नावांची रांग, एकाला एक चिकटून, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही गोष्ट शुक्रवारची. शनिवारी दुपारपर्यंत मी एकेक ओळ वाचून काढली. कुठं चूक नाही. जेवण गेलं नाही. रविवार तोंडावर आलेला, आणि घरी मी मोठ्या तोंडानं सांगून आलेली. तोंडघशी पडणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं, कारण पडणार होते ते बाबा, मी नाही.

शेवटी आमच्या आईसारखं केलं. तांदळात खडा दिसत नसला की ती सुपातला तांदूळ अर्धा-अर्धा करून पाहते. मी अर्ध्या बांध्या काढल्या. चौकट आली. दुसऱ्या अर्ध्या घातल्या. गेली. त्यांच्यातल्या अर्ध्या काढल्या. असं करत करत एक बांधी उरली. तिला काढलं की सगळं छान उभं राहायचं, घातलं की सगळं पडायचं.

ती आमची बांधी होती. तिच्या अंगावर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून प्रोग्रामनं तिचा टॅग बदलला नव्हता, म्हणून कुठलीच जागा तिला घेत नव्हती. आणि त्या ब्राउझराचा नियम असा होता की एका जरी लेकराला जागा मिळाली नाही, तरी आख्खी चौकट उभीच करायची नाही. हा नियम मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता, तो मी असा डोकं फोडून शोधला. नियम वाईट नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

तडक सायकल काढली आणि पाऊण तासात गाव गाठलं. घरी न जाता आधी बांधीवर गेले. काडी उपटली, नखानं चिरली. आत पांढरं कणीस. दुसरी चिरली, तिसरी चिरली. गर्भच. आणि पायाखालची जमीन भेगाळलेली. आजूबाजूच्या सगळ्या बांध्यांत ओल होती. आमचीच तेवढी वाळत होती. मी तिथं धुऱ्यावर बसून रडले. रागानं रडले, अभिमानानं रडले, मला तेव्हा वेगळं करता आलं नाही.

बाबा गेटजवळ होते. मी जाऊन काडी त्यांच्यासमोर धरली.

"हे काय व्हय? काहून नाही सांगतलं?"

त्यांनी काडीकडे पाहिलंही नाही. "मले ज्यानं हे काम शिकवलं, त्या बुड्यानं पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं. ज्याच्या हाती गेट, त्याची बांधी शेवटची. सगळ्यायचं झालं, उरलं, तं आपलं."

"अन् नाही उरलं तं?"

"तं नाही उरलं."

"मी गर्भात लिवतो. खरंच तं हाये!"

"खरं हाये," बाबा म्हणाले. "पन तू माही पोरगी होय. तू आपली बांधी पह्यल्या रांगेत लिवशीन, तं लोक जे म्हणून राह्यले तेच खरं होईन. नोको लिवू, बाई."

आमच्या घरात बाबा मला 'बाई' म्हणायचे ते फक्त विनवणी करायची असली की. मी सायकल वळवली. परत साकोलीला गेले. सर क्लास बंद करत होते, त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. चौकटीत खाली चौथी जागा सोडली, कुठलंच नाव न विचारणारी. ज्याला कुणी घेतलं नाही ते सगळं ती घेते. तिच्यावर मथळा टाकला, 'उरलेले'. पान उघडलं. चौकट उभी राहिली. चौथ्या जागेत एकच ओळ होती, माझ्या बापाच्या नावाची. प्रिंटर कर्रकर्र करत कागद बाहेर टाकत होता आणि सर कागदाकडे पाहत म्हणाले, "बाई, हे एक्सेलमधी नसतं झालं." त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण मला बरं वाटलं.

रविवारी ओट्यावर गाव जमलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. त्यांनी चष्मा लावून यादी वाचायला घेतली. गर्भातल्या बांध्या. सगळ्या टोल्यांची, म्हणजे वस्त्यांची, नावं आली, मिसळून. मोठ्या दादाजींच्या पाच बांध्या त्यातच होत्या. मग निसवलेल्या. मग फुटव्यातल्या, आणि तिथं दादाजींच्या उरलेल्या सात.

दादाजी काठी टेकून उठले. "माह्या सात बांध्या खाली कायले? तलावाले लागून मी, अन् पाणी मले मागून?"

बाबा खाली बसलेले होते. बसूनच म्हणाले, "दादाजी, त्या सातात तुमी भारी धान टाकला. रोवणाही मागून झाला. दसऱ्याच्या नंतर गर्भात येईन. तवा त्याले मी सगळ्यात पह्यले पाणी देईन. आता देलं तं वाया जाईन. काडी आणून पाहा."

दादाजींचा मुलगा जाऊन मूठभर काड्या घेऊन आला. दादाजींनी स्वतः चिरल्या, एकामागून एक. सातही बांध्यांच्या. कशातच कणीस नव्हतं. त्यांनी काड्या खाली टाकल्या आणि पुन्हा बसले. मग गुरुजींनी यादी उलटसुलट धरून मधूनच नावं विचारली आणि बाबा एकेकाची अवस्था सांगत गेले. एकही चुकली नाही. मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "कागदापरीस हा माणूस बरा हाये बापा!" लोक हसले. मी कुठं पाहावं ते मला कळेना, इतकी मी फुगले होते.

"अजून एक हाये," गुरुजी म्हणाले. "उरलेले." आणि त्यांनी बाबांचं नाव वाचलं.

दादाजींनीच विचारलं, "पाणकराचा धान कोणता हाये?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोलू नये. पण मी माझ्या बापाची मुलगी असले तरी माझं तोंड आईवर गेलंय.

"हलका धान," मी म्हटलं. "गर्भात हाये. मी सोता चिरून पाह्यला. बांधी भेगाळली. जा, पाहून या, कोणाले पाह्यचं असन तं!"

गुरुजींनी कागदाची घडी केली आणि सांगितलं की चावी जिथं आहे तिथंच राहील. सगळे उठले. दादाजी काठी टेकत निघून गेले. "चुकलो" नाही, "बरं" नाही, माझ्या बापाकडे एक नजरसुद्धा नाही. मी घरी येऊन भांडी आपटली. आई म्हणाली, "भांड्यायनं काय केलं तुवं?"

पाणी सुटलं. यादीप्रमाणे, वरून तिसऱ्या दिवशी गर्भातल्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं. दसरा दोन दिवसांवर होता. मोहल्ल्यात नागपूरला जायच्या गाडीची गडबड चालली होती आणि बाबा त्या साली पहिल्यांदाच जाणार नव्हते, पाण्याची पाळी सोडून कसे जातील! मी त्यांचा डबा घेऊन निघाले. पाटाच्या कडेनं जाता जाता पाहते तर आमच्या बांधीवर मोठे दादाजी. हातात फावडं, धोतर वर खोचलेलं, आणि आमचा धुरा फोडत होते.

मी डबा तिथंच टाकला आणि धावले. "ओ दादाजी! आमचा धुरा कायले फोडून राह्यले?"

त्यांनी फावडं थांबवलं नाही. म्हातारा माणूस, धापा टाकत होता. माती बाजूला ओढली आणि पाटाचं पाणी खळखळ आमच्या बांधीत शिरलं. भेगांमध्ये गेलं, काही वेळ नुसतं आतच जिरत राहिलं.

"तू शिकलेली पोरगी," ते म्हणाले, "अन् आपल्या बापाले उरलेल्यात टाकतेस? मले नाही पटलं ते."

मी वळून पाळीकडे पाहिलं. बाबा गेटजवळ उभे होते. तिथून आमची बांधी स्पष्ट दिसते. यादीत आमची पाळी नव्हती, आणि पाळी नसलेल्या बांधीत पाणी जाताना दिसलं की चौदा वर्षांत त्यांनी एकदाही गेट उघडं ठेवलं नव्हतं. चावी त्यांच्या हातात होती. त्यांनी आमच्या बांधीकडे पाहिलं. मग चावी कमरेला लावली आणि खाली बसले.